तिसऱ्या पानावरचा मजकूर

माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, असं मीच लोकांना सांगत असते. दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून सांगावं लागतं. पंचावन्न वर्षांपूर्वी जुन्या बंगळुरातल्या चामराजपेटच्या घरी मी उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, तेव्हा तांदूळ कुठवर सांडले होते, कोणत्या मावससासूबाई कुणावर रुसून जेवल्या नव्हत्या आणि संध्याकाळी त्यांनीच फडताळाआड उभं राहून चार लाडू कसे खाल्ले, हे सगळं मला आठवतं. माझी सून श्वेता म्हणते, "आई, तुम्ही म्हणजे आपल्या फॅमिलीचा बॅकअप आहात." श्वेता पुण्याची, नोकरीनं बंगळूरला आलेली, संगणकातली. तिनं म्हटलं म्हणजे त्यात काही अर्थ असणार, असं धरून मी ते चार ठिकाणी सांगितलं.

या बॅकअपनं काय करून ठेवलं, ते आता सांगते.

आम्ही आता बंगळूरच्याच बनशंकरीला राहतो. माझा मुलगा अजित महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असतो. त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला, त्याला पाच वर्षं झाली. त्याच्यावर मी मेल वाचते, पाककृती शोधते, आणि एकदा उघडलेलं पान कधीही बंद करत नाही. रिकामा डबा जसा टाकवत नाही, तसंच. श्वेता मधूनमधून येऊन मोजते. "आई, एक्केचाळीस टॅब उघडे आहेत! ब्राउझर गुदमरेल." मी म्हणते, असू दे, लागतं कधीतरी.

यंदा चैत्रात एका सकाळी तो ब्राउझर आपला आपणच नवा झाला. वर कोपऱ्यात एक चांदणी आली. तिच्यावर बोट दाबलं तर बाजूला एक पट्टी उघडली आणि तिच्यात मराठीत लिहून आलं: "या पानाबद्दल मी काही मदत करू का?" शहात्तर वर्षांत मला इतकं अदबीनं कुणी विचारलं नव्हतं. मी श्वेताला हाक मारली.

"अगं, हे मला विचारतंय, पानाचा सारांश हवा का."

"हवा म्हणा की. एआय आहे ते. आता ब्राउझरमध्येच देतात."

"पण पान मी अजून वाचलेलं नाही."

"म्हणूनच तर, आई!"

झालं. त्या दिवसापासून मी वाचायची थांबले आणि सारांश घ्यायला लागले. नेटवर धपाट्यांची कृती शोधावी, तर आधी लिहिणाऱ्या बाईचं बालपण, मग तिची आजी, आजीचं अंगण, अंगणातली मांजर, आणि पार तळाशी एकदाचं पीठ. चांदणी दाबली की थेट पीठ. सोसायटीची कन्नड नोटीस अक्षरं लावत वाचायला मला पाव तास लागायचा. चांदणी म्हणाली, उद्या दहा ते बारा पाणी नाही. एकदा तर मी एका व्रताची लांबलचक कहाणी तिला तीन ओळींत सांगायला लावली. ती म्हणाली: राणी उतली. राज्य गेलं. व्रत केल्यावर परत मिळालं. श्वेता म्हणाली, "आता नैवेद्याला पण तीनच घास ठेवा." मी हसले. पण मला मनातून वाटलं, की आपण काळाच्या पुढं गेलो आहोत.

आणि तेवढ्यात वन्सांची पत्रं सुरू झाली.

वसुमती वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून एक वर्षानं मोठी. लहानपण सगळं चामराजपेटला, लग्न होऊन गेल्या विजापूरला. हे गेल्यापासून मला एकेरी हाक मारणारं माणूस तेवढंच उरलं आहे. यंदा मार्चमध्ये त्यांचा मुलगा ज्योतिबा शहराबाहेरच्या होसकोट्याच्या एका कारखान्यात लागला आणि आईला घेऊन तिकडं राहायला आला. म्हणजे वन्सं पन्नास वर्षांनी बंगळूरला राहायला आल्या. निदान ज्योतिबा तसं म्हणायचा. होसकोटे म्हणजे बंगळूर, असं चामराजपेटच्या माणसाला सांगून पाहा. मी तेव्हाच कळवलं, "ऊन जरा उतरलं की येते." ऊन उतरलं. मग म्हटलं रस्त्यात गर्दी फार, मग म्हटलं गुडघा. एका शहराच्या दोन टोकांना आम्ही दोघी दोन महिने बसून होतो.

फोनवर बोलायची सोय नाही. वन्सांना ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र किटकिट करतं म्हणून त्या ते डबीत ठेवतात. म्हणून मेल. ज्योतिबानं त्यांना एक टॅब्लेट दिला आहे; त्याच्यापुढं त्या बोलतात आणि तो लिहून घेतो. हाताला कष्ट नाहीत, त्यामुळं पत्राला अंत नाही. पूर्णविराम तर नाहीच नाही. दर शनिवारी एक पत्र, आणि दर वेळी आधीच्याहून लांब.

मी चांदणी दाबायची. "तीन ओळींत सांग."

ती सांगायची: प्रेषक यांची प्रकृती ठीक आहे. होसकोटे येथे हवा कोरडी आहे. ज्वारीच्या पापडांची सविस्तर कृती दिली आहे.

मग तिच्याच खाली "उत्तर लिहायला मदत करू का?" असं असायचं. मी म्हणायची, कर बाई. ती दोन क्षणांत उत्तर लिहायची, मी "पाठवा"वर टिचकी मारायची आणि चहा ठेवायला जायची. पत्राला पत्र गेलं, याचं समाधान घेऊन.

आता माझ्या स्मरणशक्तीची खरी गंमत सांगते. जगात ज्या एकाच माणसाला वन्सांचं पत्र कसं वाचायचं हे ठाऊक होतं, ते माणूस मी. कारण ते कसं लिहायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

त्यांचे सासरे प्रतापराव निवृत्त हेडमास्तर. घरात येणारं आणि घरातून जाणारं प्रत्येक पत्र ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे. व्याकरणाच्या चुका काढत. सुनेनं माहेरी काय लिहावं, याला मग काही वावच राहिला नाही. वन्सं पहिल्या माहेरपणाला आल्या तेव्हा गच्चीवर सांडगे घालताना रडल्या. मी त्यांना विचारलं, "मामंजी किती पानं वाचतात?" त्या म्हणाल्या, "दोन. मग चहा येतो." मी म्हटलं, "मग झालं तर! पहिल्या दोन पानांवर पाऊसपाणी, नमस्कार आणि लोणची. तुमचं काय ते तिसऱ्यावर." आणि तसंच झालं. दुसरं पान संपेपर्यंत प्रतापराव दमायचे, चष्मा काढायचे, आणि "पुढचं बायकांचं दिसतंय" म्हणून उरलेलं पत्र आत पाठवायचे. वन्सांचं पहिलं बाळ गेलं ते मला तिसऱ्या पानावर कळलं. माझं आणि सासूबाईंचं बिनसलं ते मी तिसऱ्या पानावर लिहिलं. प्रतापराव जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी आम्हा दोघींची रीत बदलली नाही. हाताला वळणच पडलं होतं.

हे सगळं मला आठवत होतं. मावससासूबाईंच्या लाडवांइतकं स्वच्छ आठवत होतं. फक्त शनिवारी आठवत नव्हतं.

सहा पत्रं आली. सातव्या शनिवारी आलं नाही. मी रविवारी सकाळी दोनदा मेल उघडून पाहिला. शेवटी चांदणीलाच विचारलं, "वन्सांचं पत्र का आलं नाही?"

तिनं उत्तर दिलं, ते मी जसंच्या तसं सांगते, कारण ते मला आता जन्मभर आठवणार आहे. "याचं कारण मला सांगता येणार नाही. मात्र तुम्ही उघड्या ठेवलेल्या पानांत वसुमती यांची सहा पत्रं आहेत. प्रत्येकाच्या शेवटी त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला आहे. तुमच्या उत्तरांमध्ये त्याचं उत्तर दिसत नाही. ते प्रश्न दाखवू का?"

मी "दाखव" लिहिलं.

पहिल्या पत्राच्या शेवटी होतं, एकदा येऊन मला चामराजपेटला नेऊन आणशील का. दुसऱ्याच्या शेवटी, मी दोन दिवस येऊ का. असं करत करत सहाव्यात, नऊ पानांच्या तळाशी, कुरडयांचा चीक कसा शिजवावा याच्याही खाली: "इथं माझा जीव रमत नाही तुझ्याकडे येऊन राहू का विचारलं तर तू काही बोलत नाहीस म्हणून ज्योतिबा मला येता सोडून पुढच्या सोमवारी नागपूरला महानंदाकडे पोचवणार आहे आता तिकडेच राहायचं इतक्या लांबून या वयात परत येणं व्हायचं नाही आदल्या रविवारपर्यंत तुझं काही आलं तर बघू नाही आलं तर मी समजेन."

महानंदा म्हणजे वन्सांची मुलगी. आणि आज तोच रविवार होता.

त्या पत्राला मी काय उत्तर पाठवलं होतं, ते पाहिलं. "आदरणीय वसुमतीजी, आपले पत्र वाचून अत्यंत आनंद झाला. आपण दिलेली कुरडयांची कृती उपयुक्त आहे. आपल्या आगामी प्रवासासाठी हार्दिक शुभेच्छा!"

म्हणजे यंत्रानं पत्र शेवटपर्यंत वाचलं होतं. मी तीन ओळी मागितल्या, त्यानं तीन दिल्या. न वाचणारी घरात एकटी मीच होते.

"श्वेता!" मी ओरडले. "गाडी बोलाव. होसकोट्याला जायचंय."

"आत्ता? आई, तुमचा गुडघा—"

"गुडघ्याला इथंच ठेवते. तू गाडी बोलाव."

तिनं पत्र वाचलं आणि पायांत चपला घातल्या. लॅपटॉप मी तसाच उघडा, काखोटीला मारून नेला. बंद केला तर ती पानं जातील, अशी मला भीती वाटली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "सरी अम्मा, स्वल्प ट्रॅफिक असेल." सरी म्हणजे बरं, आणि स्वल्प म्हणजे दोन तास.

दार ज्योतिबाच्या बायकोनं उघडलं. तिचं नाव रंजिता. "मामी! या की," म्हणाली, पण आवाजात जरा गारठा होता. ज्योतिबा बॅगेला कुलूप आणायला खाली गेला होता. आत वन्सं खुर्चीत ताठ बसल्या होत्या, शेजारी भरलेली बॅग, मांडीवर पर्स. जशी काही गाडी हॉलमध्येच येणार होती.

"कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. "शुभेच्छा पोचल्या मला."

"वन्सं, माझी चूक झाली."

"आँ?"

"चूक झाली!" मी ओरडले. समोरच्या बाल्कनीतल्या बाईनं कपडे वाळत घालायचे थांबवले.

वन्सांनी माझ्याकडं न पाहता चष्म्यावरून श्वेताकडं पाहिलं. नखशिखान्त. "ही वाचते काय तुझी पत्रं?"

"मी?" श्वेता म्हणाली.

"तुझं पहिलं उत्तर आलं, आदरणीय वसुमतीजी. मी तेव्हाच ओळखलं, ही वहिनी नव्हे. वहिनीनं मला जन्मात आदर दिलेला नाही. म्हटलं, तिच्या घरात कुणीतरी पत्रं वाचायला बसलंय. बिचारी म्हातारपणी मामंजींच्या तावडीत सापडली. मग मी काय ते आणखी खाली लिहायला लागले. तिसरं पान नको, पाचवं. पाचवं नको, सातवं. पापड घातले, सांडगे घातले, कुरडया घातल्या. म्हटलं, वाचणारा कुठंतरी दमेल की नाही?"

"ते दमत नाही हो, वन्सं!"

"कोण?"

"मशीन!"

मग श्वेतानं त्यांच्या कानाशी जाऊन, मोठ्यानं, चांदणी म्हणजे काय ते समजावलं. सारांश म्हणजे काय तेही. वन्सांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "म्हणजे तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही."

"नाही."

"तू आपल्या हातानं घरात मामंजी आणून बसवलेस."

"हो."

"आमचे मामंजी निदान तिसरं पान आत पाठवायचे," वन्सं म्हणाल्या.

मी काखोटीचा लॅपटॉप मांडीवर घेतला. वन्सांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"तो डबा आणलायस ना? उघड. वाच. पहिल्या पत्रापासून, एक ओळ न गाळता. मोठ्यानं."

मी वाचायला बसले. पापड वाचले. होसकोट्याची कोरडी हवा वाचली. दुसरं पत्र, सांडगे. ओरडून ओरडून घसा बसला. रंजितानं पाणी आणून दिलं आणि ती तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. तिसऱ्या पत्राच्या शेवटाला मी आले, आणि मला एकदम कळलं की पुढं काय आहे. मी थांबले.

"आवाज कुठं गेला?"

"वन्सं, हे... पुढचं बायकांचं आहे."

"इथं पुरुष कोण आहे? वाच!"

वाचलं. समोरच्या बाल्कनीपर्यंत जाईल असं. "रंजिता मनानं वाईट नाही पण सकाळी आठला दोघं जातात ते सातला येतात मधे माझ्याशी कुणी बोलत नाही लिफ्ट बोलते म्हणतात तीही मला ऐकू येत नाही आणि रंजिताच्या आमटीला मीठ नसतं..."

"मीठ नसतं?" रंजिता भिंत सोडून थेट वन्सांच्या कानाशी आली. "आत्याबाई, बीपी आहे म्हणून डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय! मला काय हौस आहे?"

"तू कशाला ऐकतेस?" वन्सं म्हणाल्या. "हे तिसरं पान आहे."

"तुम्हीच मोठ्यानं वाचायला लावलंत की! आणि मीठ राहू द्या. दिवसभर करमत नाही हे मला का नाही सांगितलंत? मी रोज विचारते, बरं आहे ना, तुम्ही म्हणता, बरं आहे."

"सुनेला असलं सांगायचं नसतं."

"मग मामींना नऊ पानं लिहायची? आणि त्यांनी न वाचता शुभेच्छा पाठवायच्या?"

श्वेता दुसरीकडं तोंड करून खोकली. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. म्हटलं, वाचत राहावं, त्यातल्या त्यात तेच सुरक्षित. पण पाचवं पत्र आलं. "अण्णाची खाट तुझ्याकडे आहे मला ठाऊक आहे मला तेवढी पुरे मी तुझ्याकडे राहायला येऊ का नाही म्हणायचं असलं तर नाही म्हण मला राग नाही पण काहीतरी म्हण."

अण्णा म्हणजे माझे यजमान. या ओळी मला मोठ्यानं वाचता आल्या नाहीत. वन्सांना ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी पुन्हा वाच, असं म्हटलं नाही.

"या," मी म्हटलं. "आजच या."

"आँ?"

"या!"

"असं तोंडी चालायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "सहा पत्रं लिहिली मी. उत्तर लिहून दे. हातानं. रीतीनं."

रंजितानं वही आणि पेन आणून दिलं. मी जेवणाच्या टेबलाशी बसले. अक्षर म्हणजे कावळ्या-चिमणीचे पाय. पहिल्या पानावर बनशंकरीची हवा लिहिली, गुडघ्याचं लिहिलं, सगळ्यांना यथायोग्य नमस्कार सांगितले, त्यात रंजिताला आणि समोरच्या बाल्कनीलाही. दुसऱ्या पानावर धपाट्यांची कृती. आधी पीठ नाही, आधी सासूबाईंचं परसू, त्यांची चूल, त्यांचा स्वभाव. समोर वन्सं बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. तासभर लागला. ज्योतिबा कुलूप घेऊन आला, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "काय झालं?" रंजिता म्हणाली, "चहा ठेवा." तो निमूट आत गेला.

तिसऱ्या पानावर मी चार ओळी लिहिल्या आणि कागद वन्सांच्या हातात दिले.

वन्सांनी पहिली दोन पानं नुसती उलटली. पाहिलीसुद्धा नाहीत! थेट तिसरं काढलं आणि डोळ्यांजवळ धरलं. तिथं असं होतं: "अण्णांची खाट रिकामी नाही. तिच्यावर दोन महिन्यांचे इस्त्रीचे कपडे आणि माझे रिकामे डबे आहेत. ते श्वेता आज रात्रीपर्यंत उचलेल. वन्सं, मला एकेरी हाक मारणारं घरात कुणी नाही."

"मी का उचलायचे?" श्वेता माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

वन्सांनी कागदाच्या नीट चार घड्या केल्या, पर्समध्ये ठेवल्या, आणि रंजिताला म्हणाल्या, "ज्योतिबाला सांग, बॅग खाली ने. नागपूरची नव्हे, बनशंकरीची आहे म्हणावं."

"आणि शनिवार-रविवार?" रंजितानं मोठ्यानं विचारलं. "मामी, शनिवार-रविवार यांना आमच्याकडे पाठवायचं. मी मीठ बघते काय करता येतं ते."

"बघू," वन्सं म्हणाल्या. पण जाताना तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

परतीच्या वाटेवर त्यांनी ड्रायव्हरला आधी चामराजपेटला घ्यायला सांगितलं. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, सरी. गाडी गर्दीत अडकली, तेव्हा वन्सांनी पर्समधून माझं पत्र काढलं आणि पहिली दोन पानं आता सावकाश वाचायला घेतली. मी खिडकीबाहेर पाहत होते, पण लक्ष तिकडंच. तासभर खपून लिहिलं होतं. एखादा बरा शब्द येईल असं वाटलं.

"दुसऱ्या पानावर पाल्हाळ फार झालंय," वन्सं म्हणाल्या.